उलटी खुर्ची

माझ्याकडे बावीस छत्र्या आहेत, चाळीस खुर्च्या.
दोन मोडक्या, त्या मी ओळखीच्यांना देते,
ते तक्रार करत नाहीत.
सकाळी सातला दांडे रोवते.
उरेकीची वाळू काळी, लोखंडाच्या किसासारखी,
लोहचुंबक फिरवा, त्याला मिशा फुटतात.
गुडघे धरलेली माणसं मानेपर्यंत पुरून घेतात स्वतःला
आणि पडून राहतात ओळीनं,
कोबीच्या गड्ड्यांसारखी.

परवा स्वानेतीच्या डोंगरातून एक जोडपं आलं.
लामारा आणि जुंबेर.
ती चपला काढूनच बसमधून उतरली.
त्यानं भाडं मोजून दिलं,
खुर्ची उचलली,
समुद्राकडे पाठ करून ठेवली
आणि पाइनच्या झाडांकडे बघत बसला.
सव्वीस उन्हाळ्यांत
असं गिऱ्हाईक मी पाहिलं नव्हतं.

मी विचारलं, ऊन लागतंय का?
म्हणाला, नाही बाई. पण पलीकडचा काठ कुठंय?
आमच्याकडे दार उघडलं की डोंगर उभा असतो
उधारी मागायला आल्यासारखा.
नजर जाते, आपटते, परत येते.
इथं गेलेली नजर
परतच येत नाही.

वाळूतून लामाराचं नुसतं डोकं बोललं:
तोच डोंगर
एकतीस वर्षं माझ्या स्वयंपाकघरात डोकावतोय.
चीज दाबताना बघतो,
रडताना बघतो.
आणि हे बघा, माझे दोन्ही हात आत आहेत.
मीठ दे, सुरी दे, मोजे कुठं ठेवलेस,
कोण मागणार आता?
एवढं म्हणून ती हसली
आणि नाकावर बसलेली माशी
फुंकर मारून उडवू लागली.
तिसऱ्या फुंकरेला जुंबेर उठला,
टोपीनं माशी हाकलली,
पुन्हा झाडांकडे तोंड करून बसला.

लोक मला म्हणतात, तुझं नशीब, रोज समुद्र.
यंदा मी पाण्यात दोनदा गेले,
दोन्ही वेळा उडालेल्या छत्रीमागे.
मीठ माझ्या पाकिटातल्या नोटांनासुद्धा लागलंय.
ऑक्टोबरात धंदा मिटला की मी बहिणीकडे तिबिलिसीला जाते,
मेट्रोच्या त्या खोल खोल सरकत्या जिन्यावर उभी राहते.
खाली जाते. वर येते.
पुन्हा खाली.
बहीण म्हणते, तुला वेड लागलंय, चल, बागेत जाऊ.
तिला कसं सांगू,
तिथं वारा नाही,
कुणाला सावली द्यायची नाही,
आणि जमीन स्वतःच चालते.

कुताइसीचा एक दातांचा डॉक्टर येतो दरसाल,
बोटांच्या बेचकीतला कण न् कण झटकतो,
चारला घरी जायचं म्हणतो,
आणि पुढच्या जूनला पहिला फोन त्याचाच.
त्याचं काय, मला अजून उमगलेलं नाही.

संध्याकाळी वारा फिरला.
मक्याची कणसं विकणारा पोरगा
रिकामी बादली वाजवत गेला.
जुंबेरनं न सांगता माझ्या नऊ छत्र्या मिटल्या,
मग बायकोला काखेत हात घालून वर ओढलं.
ती निघाली, पण तिचा आकार तिथंच राहिला,
खांदे, कंबर, एक वाकडा गुडघा.
त्यात खालून पाणी झिरपू लागलं.
तो बघत राहिला. बराच वेळ.
त्यासाठी त्याला समुद्राकडे तोंड करावं लागलं,
ते त्याच्या ध्यानात आलं नसावं.
मग पायानं वाळू लोटून लोटून
खड्डा बुजवला,
वरून दोनदा थोपटलंही.

उद्याच्या किती खुर्च्या, मी विचारलं.
दोन, लामारा म्हणाली, केसांतून काळी वाळू झाडत.
एक नेहमीसारखी.
एक ह्यांची.
भाडं तेच ना?

तेच, म्हटलं.
खुर्चीला काय कळतंय.