कूलरखालची ओल

आमच्या ले-आउटचं नाव हरितविहार.
झाड एकच, कुंभरेंच्या दारचा कडुनिंब,
तोही प्लॉट पाडणाऱ्याच्या नजरेतून सुटलेला.
बाकी बरड : मुरूम, पांढरे दगड,
सिमेंटच्या ठोकळ्यांवर चुन्याने लिहिलेले आकडे.
मी चौदा नंबरात.
पंधरा आणि सोळाच्या सातबाऱ्यावर नाव कुणाचंही असो,
ताबा अजून सशांचा आहे.

मे लागला की मागच्या खिडकीतला कूलर
सकाळी दहाला सुरू होतो, पहाटे चारला थांबतो.
टाकी गळते. तीन उन्हाळे झाले.
एम-सील लावलं, डांबर लावलं,
थेंब आपली वाट शोधतो.
खाली भिंतीलगत परातीएवढी ओल.

सदतीस वर्षं उपकेंद्राचं रजिस्टर भरलं,
तो हात अजून गप्प बसत नाही.
म्हणून कॅलेंडरच्या पाठीवर लिहिते कोण आलं :
सकाळी गांधीलमाश्या, सात-आठ,
पाणी पितात, भांडत नाहीत.
साडेनऊला मुंगूस, शेपूट तुटकं, ओळखीचं.
रात्री खोकड. तिला पाहिलं नाही कधी,
चिखलात पायाची चार बोटं पाहिली.

आणि दुपारी दोनला,
रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं तेव्हा,
घोरपड.
चालत येत नाही ती, अंग ओढत आणते,
बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी उठलेल्या बाईसारखी.
ओलीवर पोट टेकवते, डोळे मिटते.
आत मी, बाहेर ती,
एकाच पंपाच्या पाण्यावर दोघी.

ढोके मास्तर म्हणतात,
"सिस्टर, कायले पोसता हे जनावरं?
कोबा करून टाका. उद्या नाग निघन."

निघाला होता. मागच्या साली, एकवीस एप्रिल, नोंद आहे.
गेडामांचा तुषार बरणी घेऊन येईस्तोवर
मी मोरीच्या ओट्यावर चढून बसले होते, दीड तास,
आणि आजवर ज्यांना ज्यांना "घाबरू नको" म्हणाले
त्या सगळ्या बाया एकेक करून आठवल्या.
तरी कोबा केला नाही.
धैर्य वगैरे नव्हे. गवंडी मिळाला नाही.

यंदा पोराने पुण्याहून एसी पाठवला.
पुढच्या खोलीत बसवला. फिटिंगवाला म्हणाला,
"काकू, पाण्याची नळी नालीत सोडू?"
म्हटलं, नाही रे बाप्पा. लांब पाईप घे,
मागे ने, कूलरखाली सोड.

दोन दिवस नळी कोरडी. तिसऱ्या दिवशीही.
फोन केला तर हसला,
"आपल्याकडची हवाच सुकी हाय ना काकू,
मशीन पिळन तरी काय?"

चौथ्या दिवशी, दोनला, ती आली.
ओलीच्या जागी क्षाराचा पांढरा डाग,
त्यावर जीभ फिरवली. एकदा. पुन्हा.
मग मान उचलून स्वयंपाकघराच्या जाळीकडे पाहिलं.
मला वाटलं, माझ्याकडे.
नसेल.
घरघर का थांबली, एवढंच बघत असेल.

आता मी पुढे, गारठ्यात, गोधडी पांघरून,
आणि मागच्या रिकाम्या खोलीत
कूलर चालू, पलंगावरच्या गादीला वारा घालतो.
पोराला सांगितलं नाही.
मीटर पाहणारा म्हणाला,
"सिस्टर, दोन-दोन मशिनी? पाहुणे आले का?"
मी त्याला पाणी दिलं.

काल पंधरा नंबरात जेसीबी लागला.
पायाचे खड्डे, मुरमाचा ढीग, दिवसभर धूळ.

कॅलेंडरच्या पाठीवर आज :
दोन वाजता कोणी नाही.
सव्वादोन, मुंगूस. प्यालं नाही, परत गेलं.
तीन, कोणी नाही.
साडेतीन.
ओल आहे.