घिन

चिठ्ठीच्या डाव्या कोपऱ्यात शब्द,
खाली स्त्री. ना.,
मग अर्थासाठी चार ओळींची रिकामी जागा.
किळस, शिसारी, तिटकारा, ओकारी:
हे मी बसमध्येच भरून ठेवले होते.
उरलं होतं वापराचं एक वाक्य,
बोलीतलं, कुणाच्या तरी तोंडचं.

म्हणून सोनेखारीच्या बुधवारच्या बाजारात,
मिरच्यांची रांग संपल्यावर
बाजार मुद्दाम थोडा तुटतो तिथे,
फुलवंताबाई वलथरेंसमोर उकिडवा बसलो.
पोत्यावर सुकसीचे ढीग, झिंगे,
आणि माशा, ज्यांना कुणी हाकलत नव्हतं.

म्हणालो, बाई, घिन म्हणजे काय?
तिनं तराजूच्या दोऱ्याची गाठ दातानं सोडवली.
"किरस वायली जी, घिन वायली.
किरस म्हंजे वरनात पाल पडली त येते.
वरन सांडलं, गंज घासला, गेली.
घिन जात नाई. घिन बसते."

कुठे बसते, विचारणार तेवढ्यात गिऱ्हाईक.
इस्त्रीचा सदरा, नाकाला रुमाल,
दुसऱ्या हातात उघडी पिशवी.
"पावशेर दे. तीन कागदांत बांध."
तो वळला तशी ती हसली, पोट हलेस्तोवर.
"याले घिन नाई म्हनत, सोंग म्हनत.
घरी जाऊन हाच ताटली चाटते."

सोंग मी वेगळ्या चिठ्ठीवर घेतला.

बराच वेळ ती झिंग्यांतली रेती पाखडत राहिली.
मग, मी न विचारता, करिश्मा.
तिची मधली. नागपुरात नर्स.
पोरीनं खोली घेतली तेव्हा ही पहिल्यांदा गेली,
नवं लुगडं नेसून,
दोनदा साबण लावून,
डोक्याला चमेलीचं तेल.
पोरीनं पाय धरले, चहा केला, बिस्किटं काढली.
"काई म्हनली नाई बाप्पा. चांगली हाये पोरगी.
बसली माह्याजवळ घडीभर.
मंग उठली
अन् खिडकी उघडली."

एवढंच. पुढे ती बोलली नाही,
एका म्हातारीला दहाचे झिंगे मोजून दिले,
वर चिमूटभर.

वाक्यात घिन हा शब्दच नव्हता.
कोशाच्या नियमानं उदाहरण बाद.
तरी मी तेच लिहायला घेतलं,
आणि 'उघडली'पाशी पेन थांबलं,
कारण घसा कोरडा पडला होता:
बसल्यापासून मी
तोंडानंच श्वास घेत होतो.

तिला ते केव्हाचं दिसत असणार.
पाण्याची बाटली तिनं
मघाच माझ्याकडे सरकवून ठेवली होती.

मी झाकण काढलं.
ओठ न लावता, वरूनच प्यायलो.
सवय आहे, असं मनात म्हटलं.