पाचवं दुकान

दैगूच्या त्या गल्लीत मोक दाल्सूचं
तळलेल्या कोंबडीचं पाचवं दुकान.
बँकेने बावन्नाव्या वर्षी 'स्वेच्छेने' घरी धाडलेला माणूस,
अजून नोटा मोजताना अंगठा जिभेला लावतो.

समोरच्या प्योने कोला फुकट दिला,
याने मुळ्याचं लोणचं दुप्पट केलं.
प्योने बारापर्यंत दिवा ठेवला, याने दोनपर्यंत.
तेल तेच, चौथ्या दिवसाचं.

वरच्या मजल्यावर क्लास. भिंतीवर यादी:
प्योचा मुलगा चाळिसावा,
दाल्सूची दान्बी एक्केचाळिसावी.
रात्री अकराला दोघं जिन्यात बसून
तिसऱ्याच दुकानातली कोंबडी खायची,
बापांच्या नकळत.

मंगळवारी समोर शिडी लागली.
पाटी उतरवताना एक खिळा अडून बसला.
प्यो खाली, हात वर धरून उभा.
दाल्सू बघत राहिला. आधी
बरं वाटलं.
मग कढईतले तुकडे करपले.

रात्री दान्बी एकटीच आली.
दप्तर न काढताच म्हणाली,
"बाबा, मी चाळिसावी."

टाळी वाजवायला त्याने हात उचलले,
पिठाने माखलेले,
आणि एप्रनला पुसत बसला,
बराच वेळ.