ढालीची आतली बाजू

हॅलिफॅक्सच्या जुन्या गिरणीत, तिसऱ्या मजल्यावर,
जिथं एके काळी लोकर विंचरायचे
तिथं आता म्युझियमची अडगळ निजते.
माझं टेबल उत्तरेच्या खिडकीशी.
आज टेबलावर गेंड्याच्या कातड्याची ढाल:
चार पितळी फुलं, त्यातलं एक हरवलेलं,
कडेनं लाखेवर सोनेरी हरणं
पळून पळून काळवंडलेली.
चिठ्ठीवर एवढंच:
राव उदेकरण, लूणथळ. लढाईत ठार.
दान, एका गिरणीमालकाची विधवा, १९०४.

लाखेवरचा धूर काढायला
थुंकीसारखं औषध नाही.
आमच्या धंद्यातलं उघड गुपित.
कापसाचा बोळा जिभेवर फिरवायचा,
मग हरणावर, हलक्या हातानं, गोल गोल.
चहा प्यायल्यावर नाही, साखर चिकटते.
ज्याच्या सावलीवर कुणी थुंकलं असतं
तर सात पिढ्या वैर चाललं असतं,
त्याच्या ढालीवर मी सकाळी नऊपासून थुंकते आहे,
तासाला चौदा पौंडांनी.

गुरुवारी देवीसिंह सोढा आले.
लीड्सची बस चालवतात; ड्यूटी संपवून,
छातीवर बिल्ला तसाच.
सोबत नात, हेडफोन गळ्यात.
ढालीला त्यांनी हात लावला नाही.
बूट काढून लिनोलियमवर उभे राहिले,
एका मोज्याला भोक.

मग सांगू लागले, भाटानं त्यांच्या आज्याला सांगितलं तसं:
शिर वेशीतच पडलं,
धड घोडीवर बसून दोन कोस लढत गेलं.
शेवटी एका कुंभारणीनं निळीचं पाणी शिंपडलं
तेव्हा कुठं थांबलं.
"डोळे नसताना रस्ता कसा कळला?" नातीनं विचारलं.
"घोडीला पाठ होता," आजोबा म्हणाले,
रोज तोच मार्ग चालवणाऱ्या माणसाच्या खात्रीनं.

"लढला कुणाशी?"
विचारायला नको होतं मी.
ते खिडकीबाहेर बघत म्हणाले,
"दख्खनी आले होते. चौथाई मागायला."
मग माझ्या गळ्यातल्या कार्डावरचं आडनाव
ओठ हलवत वाचलं.
"तुम्ही कुठल्या?"
"दहिवडीची. माण तालुका."
बराच वेळ रेडिएटर तेवढा बोलत राहिला.

आमच्या देव्हाऱ्यात भाल्याचं एक पातं आहे.
दसऱ्याला झेंडू वाहतो.
कुणावर चाललं, कधी कुणी विचारलं नाही.
ढालीच्या डाव्या अंगाला एक खोबण,
करंगळी बसेल एवढी.
अहवालात मी लिहिलं होतं:
जुनी इजा. स्थिर. भरू नये.

काय बोलावं कळेना, म्हणून ढाल उलटी केली.
आत मखमलीची गादी, मूठ टेकायची.
बोटांच्या पेरांचे चार खळगे, घामानं काळे.
आणि कोपऱ्यात एक ठिगळ,
लहरियाचं, ओढणीतलं असावं;
टाके बारीक, घाईचे,
शेवटची गाठ मारायची राहिलेली.
हे भाटाच्या वहीत नव्हतं.
दोन राण्या चितेवर चढल्या एवढंच सोढांना तोंडपाठ,
तेही, नात ऐकतेय हे आठवून,
अर्ध्यात सोडलं.

तिनं मूठ वळली,
खळग्यांच्या वर हवेत धरली, नियमाप्रमाणे न टेकवता.
"लहानसाच होता की," ती म्हणाली. "माझ्या मापाचा."

बुटांची नाडी बांधून सोढा उठले,
"थँक्यू, लव्ह," पक्क्या यॉर्कशरी सुरात,
आणि जिन्यात थांबून, ढालीकडे की माझ्याकडे कोण जाणे,
एकदा हात जोडले.

मी दिवा जवळ ओढला.
एक हरीण राहिलं होतं.
बोळा तोंडाशी नेला,
तर तोंड कोरडं.