पाच कुठे गेले

जानेवारीत डलूथचं सरोवर गोठतं,
खनिजाची जहाजं धक्क्याला बांधून ठेवतात,
आणि व्हर्लिन स्कार, जहाजावरचा आचारी,
दर गुरुवारी रिकामा असतो.
लाँड्रीच्या मागच्या खोलीत आम्ही डाव मांडतो.
भिंतीपलीकडे ड्रायर फिरतात,
कुणाच्या तरी खिशात राहिलेलं नाणं
रात्रभर खणखणतं.

आज नवा भिडू आहे. होदान,
रुग्णालयात रात्रपाळीची नर्स.
"मला यातलं ओ की ठो कळत नाही,"
हे खुर्ची ओढायच्या आधीच सांगितलेलं.
म्हणून वाद: हिला कुठल्या आवृत्तीतून आत न्यायचं?

व्हर्लिन त्याची जुनी पेटी काढतो.
कोपरे चिकटपट्टीने जोडलेले,
फाशांवरचे आकडे त्याने स्वतः
मेणाच्या खडूने भरलेले, एकोणीसशे एक्क्याऐंशी साली.
पुस्तक बारीक, टाइप त्याहून बारीक.
या आवृत्तीत जादूगाराला मंत्र एक, दिवसातून एकदा,
आणि अंगात जीव दोन.
पहिल्या खोलीत उंदीर असतो.
दुसऱ्या खोलीत तुम्ही नसता.
"मेलं की मेलं," तो म्हणतो. "नवा कागद घ्यायचा.
एका हिवाळ्यात माझे अकरा गेले.
नावं अजून पाठ आहेत."

केंग वांगची आवृत्ती जाड, गुळगुळीत, रंगीत,
तान्ह्या पोराएवढी वजनाला.
तिच्यात मरण्याआधी तीनदा विचारतात.
रात्री नीट झोपलं की सकाळी जखम नसते.
आरंभाच्या मोहिमेत एक म्हातारा भेटतो
जो सगळं दोनदा सांगतो.
"ही शिकवते," केंग म्हणतो. "तुझी नुसती मारते."
"मार खाल्ल्याशिवाय शिकलंय कोण?"
"मी."
व्हर्लिन कॉफी ढवळत राहतो. साखर त्याने घातलेलीच नसते.

माझ्या कपाटात मधल्याही आहेत.
एक, जिच्यात दार ढकलायला कॅलक्युलेटर लागायचा.
एक, जिच्यापायी दोन मित्र तीन वर्षं बोलले नाहीत;
आता हसतात, पण ती वर्षं गेली ती गेलीच.
मी सगळ्या खेळवल्या.
पहिली मोहीम सगळ्यांत तीच:
खानावळ, हरवलेलं कुणीतरी, टेकडीतली भेग,
डावीकडे वास, उजवीकडे उजेड.
आवृत्ती म्हणजे
किती अंधार परवडेल एवढाच हिशेब.

सम आला तर जुनी, विषम आला तर नवी.
चौदा.

उंदीर चुकवून होदान दुसऱ्या खोलीत पोचली,
हे आमच्यातल्या दोघांना खटकलं.
मी वाचलं: गॉब्लिन एक, हातात भाला, जीव तीन.
"पूर्ण असता तर किती?"
"जास्तीत जास्त आठ."
"मग पाच कुठे गेले?"

तो आकडा फाशाचा असतो, बाई,
कुणीतरी छापखान्यात पाठवण्याआधी टाकलेला,
असं म्हणायला मी तोंड उघडलं.
ती टेबलावर वाकून पाहत होती,
जणू पलंगाच्या पायाशी टांगलेला तक्ता.
"कुठे लागलंय त्याला? उभा कसा राहिलाय?"

केंगने त्याचं जाड पुस्तक चाळलं.
तिथे गॉब्लिनला सात. धडधाकट.
व्हर्लिन मात्र बारीक टाइपात बोट फिरवत
एका पानावर थांबला.
समोरचा कसा वागेल, दोन फासे टाकून ठरवा.
पान कोरं करकरीत. बाकी पुस्तक कॉफीने पिवळं.
"हे इथेच होतं," तो म्हणाला. मग परत, "हे इथेच होतं होय?"

त्यानेच टाकले. नऊ.
गॉब्लिन भाला खाली करत नाही. पण मारतही नाही.

साडेदहाला होदान उठली, पाळीची वेळ.
जाताना म्हणाली, माझ्या पात्राचा सदरा फाडलाय,
पट्टी घट्ट बांधू नका.
ड्रायर थांबले होते.
व्हर्लिनने पेटीतून पेन्सिल शोधली,
छापील तीन खोडला,
शेजारी चार लिहिले.