शेत मला येतंय

सीबीटीहून सात वीसची बस.
बेनकनहळ्ळी मागे पडली की खिडकीबाहेर
मातीचा रंग बदलतो, आणि माझं नावही.
घरी आई, शाळेच्या फाटकापाशी बाई.

बेळगुंदी, मराठी शाळा, चौथीचा वर्ग.
पटावर एकोणीस,
रताळी निघायच्या दिवसांत समोर अकरा.
उरलेले आठ मला रस्त्यावरूनच दिसतात
नांगराच्या मागे वाकलेले.
मी बसमधूनच हजेरी घेते.

भिंतीवर कन्नडात रंगवलंय नलि-कलि,
नाच आणि शीक.
गेल्या महिन्यात तालुक्याहून साहेब आले, म्हणाले,
मुलांना बाहेर काढा, निसर्गात शिकवा.
मी काढलं.
बांधावर उभं करून सांगितलं, वेल मोजा,
पानांचे सहा-सहाचे गट करा.
पोरं हसायलाच लागली.
शट्टूनं न मोजता सांगितलं, ह्या सरीत दीड पोतं,
आणि त्याच्या बापानं लांबून विचारलं,
"शाळा सुटली काय गा बाई आज?"

भरमा तेवढा हसला नाही.
चार दिवस गैरहजर, पाचव्या दिवशी आलेला,
बोटांवर रताळ्याचा चीक, वाळून काळा झालेला,
वही छातीशी.
म्हणाला, "बाई, शेत मला येतंय की.
भागाकार येत नाही.
आत जाऊया."

आत गेलो.

माझी लेक टिळकवाडीत, पाचवीला.
शाळा, मग ट्यूशन, मग ॲबॅकस,
आणि वर्षातून एकदा नेचर डे:
फी साडेनऊशे, टोपी वेगळी,
मातीला हात लावल्यावर सॅनिटायझर लावणे
(सूचना क्रमांक चार).
त्या दिवशी तिनं चित्र काढलं.
झाड, झाडाखाली ती,
आणि फांदीला लटकलेली रताळी.
मी, रोज बेळगुंदीला जाणारी बाई,
ते चित्र फ्रीजवर लावून दोन महिने
त्याच्यासमोर दूध तापवत होते
आणि माझ्या लक्षात आलं नाही.

मग एका शनिवारी तिला बरोबर नेलं.
तिनं बूट काढले. मी नको म्हणणार होते,
म्हटलंच, पण तोवर ती सरीत पोचली होती.
रेणुका तिला दाखवत होती,
ओढायचं नाही, आधी भोवतीची माती सैल करायची,
नाहीतर अर्धं आतच राहतं.
माझ्या लेकीला कुणी इतक्या सावकाश
काही शिकवलेलं मी पाहिलं नव्हतं.
मी तरी कुठं शिकवलं होतं?

खिडकीच्या अलीकडे भरमा.
सत्तेचाळीस भागिले सहा.
सात आले. बाकी पाच.
"हे पाच कुठं ठेवायचे?
पोत्यात बसली नाहीत तर आम्ही घरी नेतो, उकडतो.
वहीत उरली तर?"
मी म्हटलं, लिहून ठेव शेजारी.
पुढच्या वर्षी त्याचंही काहीतरी करतात.
त्याचा विश्वास बसला नाही,
पण त्यानं लिहिलं, दाबून, पुढच्या पानावर उमटेल इतकं.

घंटा म्हणजे जांभळाला टांगलेला रुळाचा तुकडा.
साडेअकराला हातोडी घेऊन उभी राहिले.
एकीला आत बोलवायचं होतं,
एकाला बाहेर सोडायचं होतं,
आणि घंटेला आवाज एकच.
दहा मिनिटं उशिरा दिली.
रजिस्टरात वेळ बरोबर लिहिली.

परतीच्या बसमध्ये लेक झोपली,
मांडीवर ओढणीत बांधलेली तीन रताळी,
बोटांवरचा चीक अजून पांढरा.

सोमवारी बेनकनहळ्ळीच्या पुढं
मी खिडकीशी सरकले.
तिसऱ्या सरीत भरमा.
बस दिसताच तो उभा राहिला,
हातातली टोपली खाली ठेवली,
आणि वर्गात करतात तसा
सरळ हात वर केला.