भाषा : अरबी

परसोडीला, आयटी पार्कच्या तिसऱ्या मजल्यावर
रात्रपाळीचे आम्ही चौघं
परक्या घरांतले आवाज कानात घालून बसतो.
मशीनला बोलणं शिकवायचंय.
फॉर्मवर भाषेसाठी एकच चौकट : अरबी.
टिक करा, पुढे चला.

निखाडे सर म्हणतात, वीस-बावीस देश आणि भाषा एक,
यापेक्षा सोपं काम नागपुरात मिळून दाखवा.
मुतसिम तेव्हा चष्मा पुसत बसतो.
तो ओमदुर्मानचा. बी.फार्म.ला आला
आणि मागे त्याच्या गल्लीत लढाई शिरली.
परत कधी जाणार, हे आता मेसवालीही विचारत नाही.

मला अरबीतलं ओ की ठो कळत नाही.
माझ्याकडे खोकला, हॉर्न, कुलरची घरघर,
आवाजात आवाज मिसळला की लाल खूण.

काल एक बाई म्हणाली, ऐश संपलं.
मुतसिमने लिहिलं : पोळी.
अरवा सनाची, ती खुर्चीतून उठलीच.
अरे, ही कुवेतची. 'क'चा 'ग' करतेय, ऐक ना.
हिच्या घरचा भात संपलाय.
मोमिनपुऱ्याच्या नुजहतने कोश काढला.
तिची अरबी मदरशातली,
त्या अरबीत तिने आजवर कोणाकडे पाणीसुद्धा मागितलं नाही.
कोशात ऐश म्हणजे जगणं.
मी म्हटलं, आमच्याकडे ऐश म्हणजे
पगाराच्या दिवशी ऑटोने घरी जाणं.
चौघंही हसलो.
बाई तिकडे पुन्हा सांगत होती,
काय संपलं ते.

सर म्हणाले, मशीनला एकच उत्तर लागतं.

मग चारशे सतरा नंबरचा माणूस. मोरोक्कोचा असावा.
दाबा, दाबा, म्हणतो घाईघाईत.
मी सवयीने बटणावर बोट ठेवलं :
मराठीसाठी एक दाबा.
अरवा म्हणाली, दाबा म्हणजे आत्ता.
पण आमच्यात आत्ताला धलहीन,
मुतसिमच्यात हस्सा,
आणि नुजहतच्या पुस्तकात आणखी काही.
म्हणजे आत्ता एवढी साधी गोष्ट,
तीही एका वेळी सगळ्यांची होत नाही.

आईने मागच्या महिन्यात फोनला सांगितलं,
सांभार कुठी भेटते पाह्य.
फोनने इडलीची हॉटेलं दाखवली.
काटोलच्या बाजारात जन्म गेलेली बाई,
जुडी हातात धरून फोनला दाखवू लागली :
हा, हा सांभार. काहून समजून नाही राह्यलं तुले?
मी हसले तेव्हा.
आता हेडफोनमध्ये कोणी एकच शब्द तीनदा म्हणालं
की हसू येत नाही.

पहाटे गेटबाहेर तर्रीपोहे.
ठेलेवाले ढोक काका मुतसिमच्या प्लेटीत एक चमचा जास्त टाकतात
आणि मला हळूच म्हणतात, गरीब पोट्टा आहे बिचारा.
मुतसिमने तेवढा एक शब्द पकडला.
हाव, म्हणाला, गरीब.
त्याच्या भाषेत गरीब म्हणजे परमुलखातला.
मी दुरुस्त केलं नाही
दोघांनाही.

कुवेतच्या बाईच्या फाइलीत, शेऱ्याच्या जागी, मी लिहिलं :
भात. पण गाव विचारून घ्या.
माझं काम नव्हतं ते.

आज फाइल परत आलीय. शेरा काढून टाकलेला.
नुजहत सांगत होती, अरबी लिहिताना
स्वरांच्या बारीक खुणा बहुतेक गाळतात,
वाचणाऱ्याने आपल्या मनाने भरायच्या.
त्या खुणांना म्हणतात हरकत.

सर मागून येऊन स्क्रीनकडे बघतात,
चौकटीवर टिक आहे ना?
आहे, सर.
मग हरकत नाही.

बाई बोलतेय. मागे कोणाचं तरी पोर रडतंय,
ते पोर कुठल्या भाषेत रडतं, याला रकाना नाही.
मी लाल खूण करते.